अंगणातल्या कुंड्या

अम्मींचा इंतकाल भर पावसाळ्यात झाला. त्यानंतर अंगणातल्या कुंड्यांना आम्ही दोघी जावांनी हात लावला नाही. पाणी घालायला पाऊस होता, त्यामुळे कुणाच्या लक्षातही आलं नाही. हस्त सरला, ऊन चटकायला लागलं आणि एका दुपारी जास्वंद माना टाकून उभी दिसली. पानांमागे पिठ्या ढेकणाचा पांढरा कापूसच कापूस. तेव्हा लाज वाटली.

कुंड्या म्हणायच्या, पण खऱ्या कुंड्या चारच. बाकी तेलाचे पत्र्याचे डबे, रंगाच्या बादल्या, एक काठ फुटलेला रांजण आणि गळका माठ. नांदूरघाटला आमच्या घराचं अंगण लांबट आहे. आता त्याच्या मधोमध भिंत येणार आहे. दोघा भावांचं तसं ठरलंय. भांडण नाही, मुलं मोठी झाली, जागा पुरत नाही, एवढंच कारण. (निदान पाहुण्यांना आम्ही असंच सांगतो.) गवंडी दिवाळीनंतर येतो म्हणाला. त्याआधी कुंड्या हलवायच्या होत्या. कुठली कुणाच्या बाजूला, हे मात्र दोघींपैकी एकीनेही काढलं नाही.

असरच्या नमाजनंतर कामाला बसलो. ऊन उतरल्याशिवाय मुळं उघडी करायची नाहीत, हा अम्मींचा नियम होता. पहिला डबा उपडा केला तर माती विटेसारखी निघाली. आमची बालाघाटची काळी माती पावसात फुगते आणि वाळली की आकसते. मग कुंडीच्या कडेने फट पडते, वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं आणि मुळं कोरडीच राहतात. आपण समजतो, पाणी दिलं. जास्वंदीचं तेच झालं होतं. रांजणाचं उलट. त्याचं भोक मातीने बुजलेलं, आत चिखल आणि आंबूस वास.

माती फोडली, दोन दिवस उन्हात पसरली. मग दोन घमेली मातीला एक घमेलं वाळू आणि एक घमेलं कुजलेलं शेणखत असं मिसळलं. शेणखत जुनं हवं, ताजं घातलं तर मुळं जळतात. भोकावर खापरीचा तुकडा उपडा ठेवला. कुंडीच्या आकारात गोल गोल फिरलेली मुळं कात्रीने थोडी छाटली. धाकटीचा हात इथे थरथरत होता, थोरलीने कात्री घेतली. गुलाबाच्या मेलेल्या आणि बारीक फांद्या काढल्या. आपल्याकडे पावसानंतरची ही छाटणी लागतेच. जास्वंद आधी साबणाच्या पाण्याने धुतली. मग पन्नास ग्रॅम कुटलेली निंबोळी लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, चार दिवसांच्या अंतराने दोनदा फवारली. पुदिन्याचा एक गड्डा फोडून तीन डबे झाले. रिकाम्या बादल्यांत मेथी टाकली आणि धणे चपलेखाली रगडून, दोन फोडी करून पेरले. अख्खे धणे उगवायला फार वाट बघायला लावतात. सब्ज्याच्या मंजिऱ्या वाळल्या होत्या. बी हातावर चोळून काढलं, थोडं पेरलं. हिरवा राहिलेला शेंडा जुम्म्याला मुलांनी कब्रस्तानात नेला.

पाण्याची गोष्ट वेगळी सांगायला हवी. २०१६च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, तो उन्हाळा आमच्या भागात कोण विसरेल? त्या वर्षी घरात प्यायचं पाणी मोजून होतं. अम्मींनी तेव्हा वुजूची फरशीच हलवली, पुदिना आणि मोगऱ्याच्या शेजारी. नळ नाही, बधना घ्यायचा. प्रेषित (स.) एका मुदमध्ये, म्हणजे साधारण पाऊण लिटरात वुजू करत, हे त्या नातवंडांना बधना दाखवून सांगायच्या. खाली पडलेलं पाणी झाडांना. मोगरा त्यावर जगला. पुढे चांगले पाऊस झाले, तरी फरशी तिथेच राहिली.

एका डब्याला मात्र त्या ते पाणी घालत नसत. शेजारच्या ताई दरवर्षी ऊसतोडीला कारखान्यावर जाताना आपली तुळस आमच्याकडे ठेवून जातात. अम्मी त्या तुळशीला माठातलं ताजं पाणी घालायच्या, वेगळ्या तांब्याने. ‘अमानत आहे,’ म्हणायच्या. यंदा ताई दारात डबा घेऊन आल्या आणि क्षणभर उंबऱ्याबाहेर थांबल्या. घालाल ना, असं विचारायचं त्यांच्या ओठांवर होतं. धाकटीने डबा घेतला, थोरलीने तो तांब्या शोधून आणला.

शेवटी मोगरा राहिला होता. त्याची जागा बरोबर भिंतीच्या रेषेवर. कुंडी उचलायला गेलो तर जड लागली, कशाला तरी अडकल्यासारखी. पाहिलं तर खालची एक फांदी वाकवून शेजारच्या डब्यातल्या मातीत दाबलेली होती आणि वर दगड ठेवलेला. दाब कलम. मिरगाचे पहिले पाऊस झाले तेव्हा अम्मी दोन दिवस इथेच बसून होत्या, ते आठवलं. दगड बाजूला केला, बोटाने माती उकरली. पांढरी, दोऱ्यासारखी मुळं फुटली होती. दोघी तिथेच बसून राहिलो. मग्रीबची अजान झाली तेव्हा उठलो.

फांदी आता तोडता येईल, असं धाकटीचं मत. मुळं अजून कोवळी आहेत, डिसेंबरात मोगऱ्याचं पाणी तोडून छाटणी करू तेव्हा बघू, असं थोरलीचं. धाकटीने लगेच ऐकलं, एरवी इतक्या लवकर ऐकत नाही. माती परत दाबली, दगड होता तसा ठेवला, दोन्ही डब्यांना बधन्याने पाणी घातलं. भावांना सांगितलं की मधल्या दोन कुंड्या एकमेकींना जोडलेल्या आहेत, दोन महिने हलवता येणार नाहीत. गवंड्याला तसा निरोप गेला आहे.