खडी टाकणारा कवी

फ्रान्सिस लेडविज या आयरिश कवीची ओळख झाली तेव्हा प्रथम आमचे मन कुरकुरले. ज्या राज्याने आपला देश पारतंत्र्यात ठेवला, त्याच राज्याचा गणवेश या गृहस्थाने अंगावर चढवावा?

लेडविज १८८७ साली मीथ परगण्यातील स्लेन गावी जन्मला. वडील लवकर वारले. आईने शेतात राबून मुले वाढविली. त्यानेही शेतमजुरी केली, तांब्याच्या खाणीत काम केले, रस्त्यावर खडी टाकली, आणि गावची शेते व पाखरे कवितेत आणली. १९१४ साली तो ब्रिटिश सैन्यात दाखल झाला. १९१६ साली डब्लिनमध्ये स्वातंत्र्यासाठी उठाव झाला, आणि त्याचा कविमित्र टॉमस मॅक्डोना याला सरकारने गोळ्या घालून ठार केले. मित्रासाठी लेडविजने विलापिका लिहिली. तीत पाऊस आहे, पाखरू आहे, आणि एक काळी गाय आहे. ही गाय म्हणजे आयर्लंडच. तिकडच्या जुन्या गीतांतले हे रूपक.

३१ जुलै १९१७ रोजी बेल्जियममध्ये ईप्रजवळ तोफगोळ्याने त्याचा अंत झाला. तेव्हाही तो रस्ताच बांधीत होता.

गणवेश राज्याचा, शोक मायभूमीचा! त्याच ईप्रच्या मेनिन दरवाजावर हिंदी शिपायांचीही नावे कोरलेली आहेत. त्यांचे अंतःकरण कोठे गुंतले होते, हे आम्ही कधी विचारले होते काय? आमची कुरकुर तेथेच शमली.