दीड इंच आटे

गेट लोंबलं की घरमालक गेटला बोल लावतो आणि मी ओळंबा काढतो. खांबाशेजारी दोरी सोडून क्षणभर थांबलं, की बहुतेक वेळा उत्तर तिथंच मिळतं. खांबाचं डोकं वाटेकडे झुकलेलं असतं. त्याच्यासोबत वरची बिजागरी पुढे आलेली असते आणि पल्ल्याचं कडीकडचं टोक फरशीवर अर्धगोल ओरखडा काढत असतं. तोवर घरातल्या पोरांना पल्ला उचलून लावायची सवय झालेली असते, त्यामुळे तक्रार माझ्यापर्यंत यायलाच वर्ष जातं.

आमच्या बार्शीकडची जमीन काळी. शाळूला ही माती सोनं, खांबाला वैरी. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. मे महिन्यात काही भेगांत मनगटापर्यंत हात जातो. काळा कातळ झिजून ही माती झाली आणि तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं चिकण खनिज भरपूर; त्याच्या पदरांमध्ये पाणी शिरलं की पदर एकमेकांपासून लांब जातात. एवढ्याशा त्या हालचालीनं घराच्या भिंतींना तिरक्या चिरा पडतात, मग गेटच्या खांबाची काय कथा! रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं असल्या जमिनीसाठी बुडाशी फुगवटा असलेले पाइल विकसित केले. ते निदान साडेतीन मीटर खोल नेतात, कारण तिथं गेल्यावर मातीची ओल बारमाही जवळपास सारखी राहते. घरासाठी हे ठीक. गेटच्या खांबासाठी साडेअकरा फूट खड्डा काढला, तर गेटापेक्षा खड्डा महाग पडायचा.

म्हणून मी खांब हलणारच असं धरून चालतो. हललेल्या खांबावरही पल्ला एका पान्ह्यानं सरळ करता आला पाहिजे, एवढीच माझी कामाची अट. गिऱ्हाइकाला ती पहिल्यांदा पटत नाही. गावाबाहेर नवीन घर बांधलेले एक निवृत्त गुरुजी आले होते. 12 फुटांची वाट, जाळीचं गेट हवं होतं. म्हणाले, “मिस्त्री, एकदाच पक्कं करून टाका. परत हात लावायला नको.”

“पक्कं करतो गुरुजी, पण हात लावायला जागा ठेवून करतो.”

“म्हणजे बिघडणार हे तुम्ही आधीच सांगताय.”

“जमीन तुमची, गुरुजी. मी फक्त गेट देतोय.”

ते हसले आणि चहा सांगितला. काकूंची हरकत मात्र वेगळी होती, आणि मला विचाराल तर जास्त खरी. “जाळीतून आतलं सगळं दिसतं हो. पत्रा मारून द्या की.”

पत्र्याचा मोह मी समजू शकतो. हल्ली लेझरनं कापलेले मोर आणि गणपती असलेले पत्रे दारोदार दिसतात. पण 6 फूट बाय 5 फुटांच्या पल्ल्याला जाळीऐवजी 18 गेजचा पत्रा लावला, की वजन वीसेक किलोंनी वाढतं. शिवाय वळवाचा वारा जाळीतून निघून जातो; पत्र्यावर तो सगळा आदळतो आणि त्याचा धक्का बिजागरीवरून खांबावर, खांबावरून त्या काळ्या मातीत उतरतो. हे गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही, त्याचं कारणही सरळ आहे. आमच्या धंद्यात गेट किलोवर विकलं जातं. जड गेट करण्यात मालक सोडून सगळ्यांचा फायदा. काकूंना म्हटलं, कंपाउंडच्या जाळीवर हवा तर गोकर्ण चढवा, फक्त गेटवर वेल नको. वेलानं ओल धरून राहते, वजन वाढतं आणि वाराही अडतो. म्हणजे पत्रा परवडला.

एक पल्ला की दोन, हा प्रश्न कागदावर एका मिनिटात सुटतो. 6 फुटांचा पल्ला 30 किलोंचा धरा. त्याचं वजन मध्यावर, म्हणजे बिजागरीपासून 3 फुटांवर लोंबतं. दोन बिजागऱ्यांत 4 फूट अंतर असेल, तर वरची बिजागरी खांबाला साडेबावीस किलोंनी ओढते आणि खालची तेवढ्याच जोरानं रेटते. आता 12 फुटांचा एकच पल्ला घ्या, वजन 60 किलो. मध्य 6 फुटांवर गेला, ओढ 90 किलोंची झाली. रुंदी दुप्पट, ओढ चौपट. चाक लावून हे भागवता येतं, पण मातीच्या वाटेवर पहिल्या पावसातच चाक रुततं. दोन पल्ले करावेत हे बरं.

जुन्या वाड्यांच्या दरवाजांना बिजागऱ्या नसायच्या. फळीचंच खालचं टोक दगडातल्या खळग्यात उभं असे आणि वरचं टोक चौकटीत फिरे. सगळं वजन थेट दगडावर. एवढे अवजड दरवाजे पिढ्यान् पिढ्या फिरत राहिले ते त्यामुळे. आपल्याला तसला उंबरा ठेवता येत नाही, मोटार न्यायची असते.

खड्ड्याचं थोडक्यात सांगतो. 4 फूट खोल, आणि तोंडापेक्षा बूड रुंद. वर पसरट काँक्रीट ओतायची हौस गवंड्याला असते, ती मोडून काढायची; माती फुगली की त्या पसरट कडेखाली शिरून खांबच वर उचलते. भोवती काळी माती परत न लोटता मुरूम धुमसायचा. आणि शक्य असेल तर दोन्ही खांब जमिनीखालून एका बीमनं बांधायचे. हलले तरी ते मग जोडीनं हलतात.

आता पल्ला. अमेरिकेत जागेवर रुंदी कमी-जास्त करता येणारी अशी गेटं जोडणीच्या सुट्या भागांत मिळतात म्हणे. आपल्याकडे ते भाग पाइपच्या दुकानातच पडलेले आहेत, फक्त तसं बघावं लागतं. सव्वा इंची मीडियम पाइपचा आतला व्यास 36 मिलिमीटर. एक इंची पाइपचा बाहेरचा व्यास 33.7. एक पाइप दुसऱ्यात दोन मिलिमीटरच्या ढिलाईनं सरकतो. पल्ल्याचे आडवे पाइप मी असे दुहेरी ठेवतो: खांबाकडचा भाग सव्वा इंची, कडीकडचा एक इंची, आणि निदान दीड फूट एकात एक. मग आरपार दोन बोल्ट. सरकवण्याआधी पाइपात बोट फिरवून बघायचं. जोडाची उभी गाठ आत आलेली असते, कधी जस्ताचा ओघळ गोठलेला असतो. तो कानसीनं काढला नाही, तर पाइप अर्ध्यात अडकतो आणि मग हातोडा पडतो. हातोडा पडला की पाइप कायमचा अडकला म्हणून समजा.

ही सरकती रुंदी कशाला? काँक्रीट सुकल्यावर खांबांतलं अंतर फितीनं मोजा, ठरवलेलं अंतर क्वचितच सापडतं. पुढं दोन पावसाळ्यांत ते आणखी बदलतं. मधली फट बोटभर राहिली पाहिजे. ती दोन बोटं झाली की कडी कोयंड्यात जात नाही आणि मिटली की पल्ले एकमेकांवर चढतात.

शिवाय बोल्टची जोडणी असल्यानं जागेवर वेल्डिंग जवळजवळ लागत नाही. जस्त चढवलेल्या पाइपवर वेल्डिंग केलं की पांढरा धूर निघतो आणि तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. आमच्यातले लोक त्यावर गूळ खातात. गुळानं तोंड गोड होतं, बाकी काही नाही. टाक्याच्या जागेवरचं जस्त आधी घासून काढावं, वाऱ्याकडे पाठ न करता धूर बाजूला जाईल असं आडवं उभं राहावं, आणि नंतर तिथं झिंकचा रंग द्यावा, एवढंच खरं.

तिरक्या आधाराबद्दल दोन शब्द, कारण रस्त्यानं जाताना दिसणारी निम्मी गेटं मला इथं खटकतात. पाइपचा तिरका टेकू द्यायचा असेल, तर तो खालच्या बिजागरीपासून वर कडीकडच्या कोपऱ्यात गेला पाहिजे. तो दाब सोसतो. सळई किंवा तार लावायची असेल, तर नेमकं उलट: वरच्या बिजागरीपासून खाली कडीकडच्या कोपऱ्यात, कारण तिला फक्त ओढता येतं. तार उलटी लावली तर ती शोभेची. मी सळई लावतो आणि तिच्यात टर्नबकल घालतो, म्हणजे चौकट गुण्यातून, काटकोनातून गेली तर हातानं फिरवून परत आणता येते.

जाळीचं काम मला सगळ्यात आवडतं. तिची वीणच तशी हुशार आहे. प्रत्येक तार नागमोडी वळवलेलं चपटं मळसूत्र असते आणि ती शेजारच्या तारेत फिरवत फिरवत घातलेली असते. कुठंही गाठ नाही. त्यामुळे ही जाळी कापायची नसते. जिथं संपवायची तिथल्या एका तारेचं वरचं आणि खालचं टोक पक्कडीनं मोकळं करायचं आणि ती तार गोल फिरवत वर ओढायची. ती सळसळत बाहेर येते आणि जाळीचे दोन तुकडे अलगद वेगळे होतात. जोडायची झाली तर तीच तार फिरवत परत घालायची. जोड कुठं आहे ते शोधून सापडत नाही. पल्ल्याची रुंदी वाढली की एखाद-दुसरी तार घाला, घटली की काढा. नवीन पोरं ग्राइंडर घेऊन धावतात आणि जाळीचं प्रत्येक घर कापत सुटतात. मग टोकं उघडी पडतात, जस्त जातं आणि गंज तिथूनच सुरू होतो.

घरासाठी 2 बाय 2 इंचांची, 10 गेजची जाळी घ्यावी. 12 गेज स्वस्त पडते, पण तिची तार अडीच मिलिमीटरच्या वर थोडीशीच. 10 गेजची सव्वातीन. मुलं जाळीवर पाय देऊन चढणारच. जाळीची एक कड दुमडलेली असते आणि काही बंडलांत दुसरी पिळून टोकदार ठेवलेली. पोरांच्या घरी दुमडलेली कड वर घ्या.

बसवताना चौकटीची रुंदी आधी पक्की करायची, बोल्ट आवळायचे, मगच जाळी. शेवटच्या घरांतून लोखंडी पट्टी ओवून ती क्लॅम्पनं एका बाजूला बांधायची आणि दुसऱ्या बाजूनं ओढायची. खाटेची नवार ताणतो तसा ताण हवा. अंगठा आणि तर्जनीत एक घर धरून दाबलं आणि ते पाव इंचापेक्षा जास्त मिटलं, तर जाळी सैल आहे.

आणि बिजागरी. इंग्रजी ‘जे’सारखा वाकवलेला 16 मिलिमीटरचा बोल्ट खांबातून आरपार जातो, खांबाच्या दोन्ही अंगांना नट. वाकलेल्या टोकात पल्ल्याचं कडं बसतं. खालच्या बोल्टचं टोक वर तोंड करून आणि वरच्याचं खाली तोंड करून बसवलं, की पल्ला उचलून कुणाला नेता येत नाही. गुरुजींना हे फार आवडलं. मला त्यातलं आवडतं ते पुढचं. 16 च्या बोल्टला एका फेऱ्यात 2 मिलिमीटरची सरक असते. बिजागऱ्यांत 4 फूट आणि पल्ला 6 फूट, तर वरचा बोल्ट एक फेरा मागं घेतला की कडीकडचं टोक 3 मिलिमीटर उचलतं. आतला नट सैल करायचा, बाहेरचा आवळायचा, बघायचं, आणि जमलं की आतला परत कसायचा. पल्ल्याखाली वीट ठेवली तर घरातलं कुणीही करू शकतं.

पण त्यासाठी आटे योग्य बाजूला हवेत. लोंबलेला पल्ला उचलायला वरचा बोल्ट मागं यावा लागतो किंवा खालचा पुढं जावा लागतो. म्हणून वरच्या बोल्टवर शिल्लक आटे खांब आणि पल्ल्याच्या मधे ठेवायचे, खालच्यावर खांबाच्या पलीकडे. आमचे लोक दोन्ही बोल्ट सारखेच बसवतात, वर पल्ला खांबाला चिकटवतात आणि बाहेर आलेले आटे दिसायला वाईट म्हणून ग्राइंडरनं उडवतात. काहीजण तर नटावर वेल्डिंगचा टाकाच मारतात, चोरी होऊ नये म्हणून! चोर अडतो की नाही कोण जाणे, मालक मात्र अडतो.

मधल्या उभ्या कडीसाठी जमिनीत पाइपचा तुकडा पुरतात, त्याचं बूड उघडं ठेवून खाली खडी भरा, नाहीतर तो गाळानं भरतो. बाकी कडी-कोयंडा बाजारात मिळेल तो चालतो.

मिरगाच्या आधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा ओळंबा लावून बघा, नटांना ग्रीस द्या. 16 च्या नटाला 24 नंबरचा पान्हा लागतो, तो घरात ठेवा. आणि गेट करायला टाकताना किलोचा दर विचारता, तसंच हेही विचारा: वरच्या बोल्टवर, खांब आणि पल्ल्याच्या मधे, आटे किती ठेवणार? दीड इंच ठेवले तर पल्ल्याचं टोक सव्वादोन इंच उचलता येतं, आणि आमच्या मातीला तेवढं पुरतं. त्यानं आकडा सांगितला नाही, तर काम दुसऱ्याला द्या.