वर चांदण्या, अंगाला आजी

सोमवार ते शुक्रवार डेडलाइन्स आणि वीकेंडला शिलाई मशीन! हिंजवडीतल्या फ्लॅटमध्ये मी सध्या सॅम्पलर क्विल्ट शिवतेय. सॅम्पलर म्हणजे प्रत्येक ब्लॉक वेगळ्या डिझाइनचा. माझा फेव्हरिट ‘ओहायो स्टार’. ३ बाय ३ असे ९ चौकोन. त्यातले ४ चौकोन त्रिकोण जोडून बनवायचे, की झाली ८ टोकांची चांदणी. १२ इंची ब्लॉकसाठी साधे चौकोन साडेचार इंचांचे, शिवण बरोब्बर पाव इंच. सूतभर हललं, की चांदणीची टोकं गायब!

आजीच्या गोधडीला कुठली आलीय मोजपट्टी? जुनी लुगडी एकावर एक अंथरायची, वर हाताला येतील ते तुकडे, आणि कडेकडेनं आत धावदोरा. विरलेलं कापडही चालतं, थर एकमेकांना सांभाळून घेतात.

आजी आता नाही. तिचं एक इरकली लुगडं माझ्याकडे आहे. त्याच्याच चांदण्या कराव्यात, असं फार वाटत होतं. पण त्रिकोणाची तिरकी कड ताणली जाते, विरलेलं सूत तिथं तग धरत नाही. म्हणून चांदण्या नव्या कापडाच्या. लुगडं न कापता, घडी घालून अस्तराला. धावदोरा मात्र हातानंच, आजीसारखा. लोकांना दिसतील चांदण्या. अंगाला लागेल ती आजीच!