ध्रुवपद सगळ्यांना पाठ

ऑस्ट्रेलियात ज्या गाण्याला लोक अर्धं थट्टेनं आणि अर्धं मनापासून दुसरं राष्ट्रगीत म्हणतात, ते १९७८ साली लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ४१ च्या वर कधी सरकलंच नाही. गाण्याचं नाव ‘खे सान’, बँडचं नाव कोल्ड चिझल. व्हिएतनामच्या लढाईतून परत आलेला आणि कुठंच मन न रमणारा एक सैनिक त्यात आपली कहाणी सांगतो. शरीरसंबंधांचे आणि अमली पदार्थांचे उल्लेख आहेत म्हणून खासगी रेडिओनं ते वाजवायचं टाळलं, आणि रेडिओवर नाही म्हटल्यावर दुकानात तरी कोण मागणार? तरी आज मेलबर्नच्या एखाद्या पबमध्ये शनिवारी रात्री ते लागलं, की ज्यांच्या आईबापांचंही तेव्हा लग्न झालं नव्हतं अशी पोरं ग्लास उंचावून पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणतात. शब्द चुकत नाही.

याद्यांवर विश्वास ठेवत वाढलेल्या मला हे पचायला फार वेळ लागला. सांगलीला आमच्याकडे बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोन लागे आणि बिनाका गीतमाला संपेपर्यंत घरात कोणी कोणाशी बोलत नसे. शॉर्टवेव्हवर आवाज मध्येच ओसरायचा, मग अमीन सायानी कुठूनतरी पुन्हा वर यायचे आणि कुठलं गाणं कितव्या ‘पायदान’वर पोचलं ते निवडणुकीचा निकाल जाहीर करावा तसं सांगायचे. थोरला भाऊ वहीत क्रमांक उतरवून घेई. त्याचं आवडतं गाणं खाली घसरलं की त्या रात्री तो नीट जेवत नसे.

१९९१ मध्ये लग्न होऊन मेलबर्नला आले तेव्हा देश मंदीत होता. सांगलीच्या बी.एस्सी.ला तिथं कोणी हिंग लावून विचारत नव्हतं. एका पगारात भागेना, म्हणून औषधांच्या पॅकिंगच्या कामाला लागले. लांबच लांब टेबलं, डोक्याला जाळी, आणि फळीवर एक रेडिओ. त्याच्या बटणाला हात लावायचा अधिकार फक्त सुपरवायझर बाईंचा. आठ तास फिरूनफिरून तीच गाणी. माझं कानाचं इंग्रजी तयार झालं ते तिथं. पगाराच्या दिवशी स्टेशनजवळच्या रेकॉर्डच्या दुकानात शिरायचं आणि काउंटरवरचं ‘आरिया टॉप ५०’चं पत्रक उचलायचं, हा माझा नेम झाला. ते फुकट मिळे. या आठवड्याचा क्रमांक, गेल्या आठवड्याचा क्रमांक, किती आठवडे यादीत, मग गाणं, गायक, कंपनी. भावाची वहीच कोणीतरी छापून आणलीय असं वाटायचं. कधी चैन करायची झाली तर कॅसिंगल घ्यायची: पुठ्ठ्याच्या वेष्टनात अख्खी कॅसेट, आणि तिच्यात गाणी जेमतेम दोन. एवढ्या प्लॅस्टिकमध्ये दोन गाणी, ही उधळपट्टी मला आजही खुपते.

ही यादी सरकारी थाटाची दिसत असली तरी तिचा जन्म तसा घरगुतीच. ‘गो-सेट’ नावाच्या मेलबर्नच्या तरुणांच्या साप्ताहिकानं १९६६ मध्ये देशभराची पहिली यादी छापली. १९७४ पासून डेव्हिड केंट नावाच्या एका गृहस्थानं दुकानांचे आणि रेडिओ केंद्रांचे आकडे जमवून यादी काढण्याचा स्वतःचा उद्योगच मांडला. ती इतकी विश्वासाची ठरली, की रेकॉर्ड कंपन्यांची संघटना, म्हणजे आरिया, काही वर्षं त्याचीच यादी वापरत होती. १९८८ मध्ये तिनं स्वतःची सुरू केली. पण यादीला घराघरात नेलं ते एबीसी वाहिनीवरच्या ‘काउंटडाउन’ या कार्यक्रमानं. १९७४ ते १९८७, रविवारची संध्याकाळ, आणि हॅट घातलेले, अडखळत बोलणारे निवेदक मॉली मेल्ड्रम. स्वीडनच्या ॲबाचं ‘मामा मिया’ १९७५ मध्ये तिथं दाखवलं गेलं तेव्हा ते स्वतंत्र रेकॉर्ड म्हणून काढायचा बेतच नव्हता. लोकांनी इतकी मागणी केली की ते काढावं लागलं, आणि १० आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. पुढच्या वर्षी ‘फर्नांडो’ १४ आठवडे. आमच्या सुपरवायझर बाई हसल्याचं मला आठवत नाही, पण ॲबा लागलं की टेबलाखाली त्यांचा पाय हलायचा.

माझ्या त्या पहिल्या वर्षी ब्रायन ॲडम्सचं एक गाणं ११ आठवडे डोक्यावर बसून होतं. ते मला तेव्हाही आवडलं नाही. कान टवकारले ते दुसऱ्याच गाण्यानं. मध्येच इंग्रजी थांबलं आणि निराळ्याच भाषेतले शब्द सुरू झाले, मागे लाकडावर लाकूड आपटावं तसा ताल. ही कुठली भाषा, म्हणून मी टेबलाभोवती विचारलं. ग्रीक बाईला माहीत नाही, व्हिएतनामी मुलीला नाही, आणि सात पिढ्यांच्या ऑस्ट्रेलियन असलेल्या सुपरवायझर बाईंनाही नाही. गाणं होतं योथू यिंदी या बँडचं ‘ट्रीटी’, भाषा आर्नहेम लँडमधल्या योलंगू लोकांची. पंतप्रधान बॉब हॉक यांनी १९८८ मध्ये बारुंगाला मूळ रहिवाशांशी तह करण्याचं वचन दिलं होतं. ते पाळलं गेलं नाही, त्याबद्दलचं हे गाणं. आधी ते पडलंच होतं. मेलबर्नच्या काही मंडळींनी त्याला नाचाचा ताल चढवला तेव्हा ते ११ व्या क्रमांकापर्यंत गेलं. गाणारे युनुपिंगू हे एका शाळेचे मुख्याध्यापक होते, हे मला नंतर कळलं. मुख्याध्यापकाचं गाणं डिस्कोत वाजतंय, ही कल्पना मला फार आवडली होती.

आमच्या टेबलावर निवृत्तीला आलेली एक इटालियन बाई होती. एकदा रेडिओवर ‘शडप यू फेस’ लागलं. इटालियन ढंगाच्या मोडक्या इंग्रजीत आईची नक्कल करणारं हे विनोदी गाणं १९८० मध्ये ८ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं, आणि पुढे ब्रिटनमध्येही पहिलं आलं. सगळ्या बायका हसल्या. तीही हसली. मग हातातली पट्टी खोक्यात सारत माझ्याकडे न बघता म्हणाली, माझा मुलगा तेव्हा शाळेत होता, वर्षभर पोरं त्याला याच गाण्यानं हाक मारायची. गाणारा जो डोल्चे, अमेरिकेतल्या ओहायोत जन्मलेला, मेलबर्नला येऊन राहिलेला. म्हणजे इटालियनांची थट्टा करणारा इटालियन वंशाचाच माणूस. बाईला हे ठाऊक होतं. तिचं म्हणणं, त्याला परवडतं.

परीक्षा खरी असायची ती नाताळच्या पार्टीत. दोन पेग झाले, की कोणीतरी जुनं गाणं लावी आणि ध्रुवपद आलं की सगळी खोली एका सुरात. नागरिकत्वाची परीक्षा मी पुढे दिली, पण तिच्यात गाण्यांवर प्रश्न नव्हता. इथं मी ओठ हलवायची. कडवं सांभाळून नेता येतं. ध्रुवपदाला मात्र सगळे एकमेकांकडे बघत असतात.

मग मी या गाण्यांच्या खानेसुमारीला लागले. पत्रकांची सवय होतीच, त्यात वाचनालयातली पुस्तकं आली. आणि जे हाती लागलं त्यानं माझी मोठी करमणूक झाली. ‘यू आर द व्हॉइस’ १९८६ मध्ये ७ आठवडे पहिलं. ते गाणाऱ्या जॉन फार्नहॅमचा जन्म इंग्लंडमधला, मुलगा असताना इकडे आलेला. ‘डाउन अंडर’, ज्याच्याशिवाय कुठलाही क्रिकेटचा सामना पुरा होत नाही, ते गाणारा कॉलिन हे स्कॉटलंडचा. ‘खे सान’ गाणारा जिमी बार्न्स ग्लासगोचा. आणि या सगळ्यांच्या आधीचे ईझीबीट्स! १९६६ चं त्यांचं ‘फ्रायडे ऑन माय माइंड’ इथं पहिलं आलं आणि परदेशातही गाजलं. त्या बँडमधले पाचही जण बाहेरून आलेले, कोणी डच, कोणी स्कॉटिश, कोणी इंग्रज. सिडनीच्या विलावुडमधल्या स्थलांतरितांच्या वसतिगृहात त्यांची गाठ पडली. त्याच विलावुडला पुढे परवान्याशिवाय राहणाऱ्यांना आणि आश्रय मागणाऱ्यांना डांबून ठेवण्याचं केंद्र झालं. मी ज्या सुरात ओठ हलवत होते, तो सूर लावणारे बहुतेक जण असेच कधीतरी बोटीतून बॅगा घेऊन उतरलेले होते. हे कळल्यापासून मी मोठ्यानं गायला लागले. आवाज चांगला नाही. बाकीच्यांचाही नसतो.

लेक शाळेत जायला लागली तेव्हा ‘कूकाबरा’ हे पाखराचं गाणं शिकून आली. मॅरियन सिंक्लेअर नावाच्या मेलबर्नच्या शिक्षिकेनं १९३२ मध्ये लिहिलेलं बालगीत. तेच सूर ‘डाउन अंडर’मधल्या बासरीत आहेत, हे देशाच्या ध्यानात यायला २००७ साल उजाडलं, तेही दूरदर्शनवरच्या एका संगीताच्या प्रश्नमंजूषेमुळे. हक्क विकत घेतलेली कंपनी कोर्टात गेली आणि २०१० मध्ये गाण्याच्या मानधनातले ५ टक्के तिला द्यावे लागले. ज्यांनी ते बासरीचे तुकडे वाजवले होते त्या ग्रेग हॅम यांना हे फार लागलं. दोन वर्षांनी ते गेले. कायद्यानं निकाल बरोबर असेल. मला मात्र अजूनही तो कद्रूपणा वाटतो. गल्लीतल्या पाखराची शीळ कोणी गाण्यात घेतली, तर त्याला चोरी म्हणायची का?

पुण्याला गेले की भाचे माझं ज्ञान तपासायचे. १९९८ च्या सुमारास त्यांच्या ओठी ‘ट्रूली मॅडली डीपली’ होतं. सॅव्हेज गार्डन अमेरिकेचे, अशी त्यांची ठाम समजूत. ब्रिस्बेनचे आहेत, आणि ऑस्ट्रेलियात हे गाणं ८ आठवडे पहिलं होतं, असं सांगितल्यावर मावशीची पत एकदम वाढली. २००३ मध्ये ‘ऑस्ट्रेलियन आयडल’ गाय सेबॅस्टियननं जिंकलं तेव्हा उलटं झालं. वडील श्रीलंकेचे आणि आईचं बालपण कानपूरचं, ही बातमी आमच्या मेलबर्नच्या मराठी मंडळीत वर्तमानपत्राच्या आधी पोचली. कधी कानपूर न पाहिलेल्या बायकाही ‘आपला मुलगा’ म्हणू लागल्या. त्याचं पहिलं गाणं पहिलं आलंच, पण आमच्याकडे ते गणपतीच्या करमणुकीच्या कार्यक्रमातही आलं, एका डॉक्टरच्या गळ्यातून. तो भाग सोडून देते.

२०२३ च्या सार्वमतात मूळ रहिवाशांचा ‘व्हॉइस’ नावाचा सल्लागार मंच राज्यघटनेत असावा का, हा प्रश्न होता. होकाराच्या बाजूच्यांनी ‘यू आर द व्हॉइस’ वापरलं. फार्नहॅमनी परवानगी दिली होती. ते गाणं न येणारा माणूस या देशात सापडणं कठीण. १४ ऑक्टोबरला मोजणी झाली, सहाही राज्यांनी नाही म्हटलं. त्या आठवड्यात ऑफिसात कोणीतरी कॉफीच्या रांगेत नकळत तेच गुणगुणत होता. त्यानं मत काय दिलं ते मी विचारलं नाही. तीस वर्षांत एवढं तर कळलंय, की ध्रुवपद एकत्र म्हणणाऱ्यांचं मतपत्रिकेवर जुळेलच असं नाही.

पत्रक बंद होऊन जमाना झाला. २०१४ पासून फोनवर ऐकलेलंही यादीत मोजतात, त्यामुळे जुनी गाणी खाली उतरेचनात आणि नव्या स्थानिक पोरांना शिरायला जागा मिळेना. बायरन बेच्या रस्त्यावर गाऊन पैसे जमवणारी टोन्स अँड आय २०१९ मध्ये ‘डान्स मंकी’ घेऊन आली आणि एकूण २४ आठवडे पहिली राहिली. एड शीरनचा १५ आठवड्यांचा विक्रम मोडला तेव्हा मला भावाला फोन करावासा वाटला आणि मी केलाही. एरवी वर्षअखेरच्या यादीत इथली नावं शोधावी लागतात. २०२५ मध्ये नियम बदलले, दोन वर्षांहून जुन्या गाण्यांची वेगळी यादी केली. फरक पडतो का बघू.

लेकीचं लग्न झालं. जावई बेंडिगोकडचा, घरचे मेंढपाळीवाले. डीजेसाठी गाण्यांची यादी करताना माझं आणि तिचं कडाक्याचं वाजलं. शेवटी ठरलं, ‘झिंगाट’नंतर लगेच ‘हॉर्सेस’. डॅरिल ब्रेथवेटचं, १९९१ चं, दोनच आठवडे पहिलं राहिलेलं आणि मुळात एका अमेरिकन गायिकेचं गाणं. आज कॉक्स प्लेटच्या शर्यतीला हजारो लोक ते एका दमात म्हणतात. लागलं मात्र, आणि बेंडिगोची अख्खी वऱ्हाडी फौज हात वर करून मैदानात. सांगलीहून आलेल्या मामी टाळ्या वाजवत माझ्याजवळ आल्या आणि विचारलं, हे कशाचं गाणं गं? घोड्यांचं, म्हटलं. ‘मग घोडा का नाही आणला नवरदेवाला?’ मी ते व्याह्यांना इंग्रजीत सांगितलं. ते अगदी गंभीर झाले. म्हणाले, दोन आहेत की शेतावर, आधी बोलायचं नाही का?