वेंगुर्ल्याचे एक खळे

कोकणात घराची पारख करायची ती खळ्यावरून. खळे म्हणजे घरापुढचे सारवलेले अंगण. मे महिन्यात तेथे पाय ठेवायला जागा नसते. एका कोपऱ्यात फणसाची साठे, दुसऱ्यात कुळीथ आणि मधोमध चटयांवर लालभडक रातांबे. कोणाच्या घरची सोले स्वच्छ आणि कोणी मिठात हात आखडला, हे येणाऱ्याजाणाऱ्या साऱ्या वाडीला ठाऊक असते.

तीच सोले मुंबई-पुण्याच्या दुकानात पिशवीबंद होऊन आली, की मात्र त्यांचे गोत्र हरवते. पिशवीवर ‘घरगुती’ असे ठसठशीत छापलेले असते. पण कोणाचे घर, हे विचारायचे कोणाला?

ज्याने आपले घरच गिऱ्हाइकाला दाखवायचे ठरवले, अशा एका तरुणाकडे मी २०२५ च्या मे महिन्यात आठ-दहा दिवस राहून आलो. तो माझा जुना विद्यार्थी. कोकण रेल्वेने कुडाळला उतरलो आणि एस.टी.ने वेंगुर्ल्याला गेलो. हे जुने व्यापारी बंदर. सतराव्या शतकात डचांनी येथे वखार घातली. तिच्या पडक्या भिंती अजून पाहायला मिळतात. येथले फळसंशोधन केंद्रही १९५७ पासूनचे. बी पेरून लावलेला रातांबा नर निघणार की मादी, हे फुलोरा येईपर्यंत कित्येक वर्षे कळत नाही. शेतकऱ्याची ही फसगत आता कलमांनी टळते. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तेव्हा मालाला नाव होतेच. प्रश्न होता तो विश्वासाचा.

माझा हा विद्यार्थी मुंबईतल्या एका कचेरीत होता. २०२० च्या टाळेबंदीत नोकरी गेली आणि तो घरी परतला. आई दरवर्षी सोले करीतच असे. दोन वर्षांनी त्याने तुळशीच्या कट्ट्यावर मोबाईल टेकवून ठेवला आणि आईचे काम जसेच्या तसे इन्स्टाग्रामवर दाखवायला सुरुवात केली. गाणे नाही, भाषण नाही. रातांबे धुतले जातात, चिरून गर आणि बिया वेगळ्या होतात. गराच्या रसात मीठ पडते. साली त्या रसात बुडवायच्या, उन्हात घालायच्या, पुन्हा बुडवायच्या. अशी चार-पाच पुटे चढली, की आमसूल तयार होते. बियाही वाया जात नाहीत; त्यांचे तेल निघते, ते थिजते आणि टाचांच्या भेगांवर लावले जाते. पाहता पाहता लोक विचारू लागले, “विकत द्याल का?” मग परवान्याचा चौदा आकडी क्रमांक आला, तारखेसह लेबल आले आणि लेबलावर आईचे नाव आले. ते येथे देत नाही. उगाच जाहिरात केल्यासारखे व्हायचे!

मी त्याला म्हटले, “अरे, सगळी कृतीच उघडी करून टाकलीस. उद्या शेजारी हाच धंदा काढील.”

उत्तर त्याच्या आईने दिले. “कृती सगळ्यांक येता, मास्तरांनू. हात कसो चोरतले?”

पण या उघड्या कारभाराची खरी परीक्षा माझ्या डोळ्यांदेखत झाली. कोकणातली माणसे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचे ऊन धरून चालतात. त्या वर्षी वळीव आधीच कोसळू लागला, आणि २४ मे रोजी केरळात शिरलेला मोसमी पाऊस दुसऱ्याच दिवशी तळकोकणात आला. २६ मे रोजी तो मुंबईत होता. तिथला त्याचा नेहमीचा मुहूर्त ११ जूनचा! खळ्यातल्या सोलांना तिसरे पूट चढले होते. चटया पडवीत ओढल्या, चुलीची धग दिली, पंखे लावले. चौथ्या दिवशी सोलांवर पांढरी बुरशी दिसली. गिऱ्हाइकांचे पैसे तर आगाऊ आलेले.

संध्याकाळी बाजारातला एक ओळखीचा व्यापारी आला. त्याच्याकडे गेल्या सालची काळीकुट्ट सोले पडून होती. “पिशव्या भरा नि पाठवा. मुंबईवाल्यांक काय कळता?” मुलगा गप्प राहिला. घरावर कर्ज होते. त्याचे गप्प राहणे मला समजत होते.

आई चुलीपाशी बसली होती. ती म्हणाली, “पावस लोकांनी बघलेलो आसा. आता सुकी सोलां खयसून इली, म्हणान इचारूचे नाय?”

रात्री उशिरा मुलाने पडवीतला दिवा लावला आणि बुरशी आलेल्या चटया मोबाईलवर दाखवल्या. पैसे परत हवे असतील त्यांनी कळवावे, थांबायचे असेल त्यांनी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबावे, एवढेच तो बोलला. सकाळी सगळी सोले शेणखतात गेली. काहींनी पैसे परत मागितले, एकदोघांनी कडू शब्दही ऐकवले. एका बाईंनी मात्र विचारले, “आगळ करता येईल ना?” आगळाला ऊन लागत नाही, मीठ लागते. घरात उतरवून ठेवलेले चांगले रातांबे निवडून बरण्या भरल्या गेल्या.

गणपतीच्या सुमारास त्याचा फोन आला. आगळाच्या बाटल्या संपल्या होत्या. निम्म्याहून अधिक लोकांनी पैसे पुढच्या हंगामासाठी तसेच ठेवले होते. तूट मात्र भरून निघाली नव्हती. कर्जाचा एक हप्ता थकला होता. “पण सर, पुढच्या वर्षी पडवीवर पारदर्शक पत्रे घालणार आहे,” तो म्हणाला.

त्याची आई तो मोबाईल कधी पाहत नाही. आपल्याला कितीजण पाहतात हा आकडाही तिने कधी विचारला नाही. फक्त पूर्वी दिवसातून एकदा झाडायची ते खळे, ती आता दोनदा झाडते. लोक येतात ना, म्हणते.