कर्ता कोण?
माहितीपर बालसाहित्याचा विचार करताना एक प्रसंग मला वारंवार आठवतो. धोकादायक माशांविषयीचे पुस्तक मी नातवाला वाचून दाखवीत होतो. ‘पाकट मासा शेपटीच्या विषारी काट्याने माणसावर हल्ला करतो’, असे त्यात होते. माझ्या वडिलांना हा काटा लागला होता. महिनाभर होडी किनाऱ्यावरच राहिली. तरी ते म्हणत, ‘वाळूत निजलेल्यावर माझाच पाय पडला.’ काटा स्वसंरक्षणासाठी असतो, हे प्राणिशास्त्रही सांगते. जखम तीच, वाक्याचा कर्ता मात्र बदलला. १९७४ मध्ये ‘जॉज’ कादंबरीतून शार्कला खलनायक ठरविणारे पीटर बेंचली पुढे शार्कच्या संरक्षणासाठीच झटले. मी नातवाला वडिलांचे वाक्य ऐकविले. तो म्हणाला, ‘म्हणजे पाण्यात पाय जपून टाकायचा.’ पुस्तकातल्या वाक्याने त्याला केवळ भय दिले होते.