कायम निवासी

सांबऱ्याच्या आमच्या घराच्या ओटीवर बसले म्हणजे दिवसातून अनेकदा विमानाचा आवाज कानी येतो. बेळगावचा विमानतळ शहरापासून दहा-अकरा किलोमीटरवर, आमच्या गावाला लागून आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, ब्रिटिश हवाई दलाने येथे धावपट्टी केली. पुढे भारतीय हवाई दलाची प्रशिक्षणशाळा येथे नांदू लागली व २०१७ मध्ये प्रवाशांसाठी नवी इमारत उभी राहिली. लहानपणी आवाज ऐकताच आम्ही भावंडे अंगणात धावत असू. आता बहात्तराव्या वर्षी तोच आवाज ऐकला की माझा हात नकळत सदऱ्याच्या खिशाकडे जातो. त्या खिशात एक कार्ड आहे. त्यावर माझे नाव आहे, छायाचित्र आहे आणि मी अमेरिकेचा ‘कायम निवासी’ असल्याचा निर्वाळा आहे. हे ‘कायम’ दर दहा वर्षांनी नवे करून घ्यावे लागते. आणि त्याचा धनी आगाऊ परवाना न घेता वर्षाहून अधिक काळ त्या देशाबाहेर राहिला, तर त्याने आपला निवास सोडला असे धरले जाते. असे हे आमचे कायमपण!

परवा मला परत जावयाचे आहे. या खेपेस मात्र निघताना एका प्रश्नाचे उत्तर घेऊन निघावयाचे असे मी ठरविले होते. उरलेले दिवस कोठे काढावयाचे? प्रश्न माझ्या एकट्याचा असता तर तो या पानांवर मांडण्याचे धाडस मी केले नसते. परंतु १९६५ साली अमेरिकेने परदेशीयांच्या प्रवेशाचा कायदा बदलला, आणि त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्याकडील जे डॉक्टर व अभियंते तिकडे गेले, ते आज सत्तरीच्या व ऐंशीच्या घरात आहेत. आपल्या देवस्थानांच्या महाजनांतही, ज्याच्या घरात हा प्रश्न निदान एकदा तरी जेवणाच्या वेळी निघालेला नाही, असे कुटुंब आता विरळाच असेल.

आमचे घराणे मूळचे गोव्याचे. आजोबा घाट चढून वर आले आणि सांबऱ्यास त्यांनी किराणा मालाचे दुकान घातले. घरात कोंकणी, दुकानात मराठी आणि बाजाराच्या दिवशी कानडी, अशा तीन भाषांवर आम्ही वाढलो. माझा जन्म १९५३ चा, म्हणजे मुंबई राज्यातला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, आणि रात्री मुंबई राज्यात निजलेले माझे वडील सकाळी म्हैसूर राज्यात जागे झाले. १९७३ साली त्याच राज्याचे नाव कर्नाटक झाले. एवढ्या अवधीत वडील ओटीवरून उठून दुकानात आणि दुकानातून उठून ओटीवर, यापलीकडे कोठे गेले नव्हते. “माणूस जागचा हलला नाही तरी मुलूख हलतो,” असे ते हसून म्हणत. त्या हसण्यात थोडी कडवट चव असे, हे मला फार उशिरा उमगले.

मी १९८१ साली अमेरिकेस गेलो. न्यू जर्सीत नोकरी लागली, चार वर्षांनी कायम निवासाचा दाखला मिळाला. पुढे सोबतचे बहुतेकजण तेथील नागरिक झाले. मी झालो नाही. एका सुट्टीत घरी आलो असता वडिलांनी माझा भारतीय पासपोर्ट हातात घेऊन चष्म्याजवळ नेला, पान उलटून जन्मस्थान वाचले आणि तो परत देताना म्हणाले, “हा एवढा सोडू नकोस.” मी ‘बरे’ म्हटले. वडील १९९६ साली निवर्तले. ते ‘बरे’ मी अजून पाळीत आलो आहे.

निवृत्त झाल्यावर प्रथम मी हिशेब मांडला, कारण अभियंत्याचे मन आधी आकड्यांकडे धावते. दहा वर्षे कर भरून चाळीस तिमाह्या पुऱ्या केल्या की तेथील सोशल सिक्युरिटीचे निवृत्तिवेतन मिळते, आणि माझ्यासारख्या भारतीय नागरिकाने ते स्वतः कमाविलेले असेल तर सांबऱ्यास बसूनही मिळू शकते. पासष्टीनंतरचे मेडिकेअर मात्र समुद्र ओलांडीत नाही. येथील दवाखान्याचे बिल त्यातून मिळत नाही. परंतु येथील औषधोपचार तिकडच्या मानाने पुष्कळच स्वस्त. बेळगावास १९६३ पासून जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आहे, मोठे रुग्णालय आहे, आणि घरातून तेथे पोहोचावयास अर्धा-पाऊण तास पुरतो. मुलांनी उतारवयात तिकडे नेलेल्या आईवडिलांची अडचण याच्या उलट असते. त्यांनी तेथे कर भरलेला नसतो, आणि पाच वर्षे सलग निवास झाल्याखेरीज त्यांना मेडिकेअर पैसे मोजूनही घेता येत नाही. माझे तसे नव्हते. माझ्या वहीत सांबऱ्याची बाजू जड भरली. मी वही मिटली आणि मनाने परत आलो.

मनाने परत येणे फार सोपे असते. त्या सांबऱ्यात वडील बसलेले असतात, दुकानात गुळाचा वास असतो, वहिनी आतून हाक मारीत असतात आणि कोणी ना कोणी सारखे ओटीवर येऊन टेकत असते. प्रत्यक्षात गेल्या पावसाळ्यात अण्णा, म्हणजे माझे वडील बंधू, न्हाणीघरात घसरून पडले. त्यांचा एक मुलगा बंगळूरला आणि दुसरा पुण्याला. वहिनींना त्यांना उचलवेना. शेजारचा मुलगा धावून आला म्हणून निभावले. मी बातमी ऐकून आलो, चार महिने राहिलो, अण्णांना काठी घेऊन चालावयास शिकविले आणि त्या चार महिन्यांत एक गोष्ट शिकलो. ज्या घरी मी सांभाळून घेतला जाण्यासाठी परतणार होतो, त्या घरात सांभाळणारे कोणी उरलेले नाही. मी परदेशी गेलो तसा माझा गावही थोडा थोडा परगावी गेला आहे. शेजारची तीन घरे बंद आहेत. त्यांच्या किल्ल्या अण्णांच्या फडताळात टांगलेल्या आहेत.

तेव्हा मी येथे यावयाचे ते विसाव्यासाठी नव्हे, तर अण्णांच्या सोबतीसाठी, हे मला कळले. परंतु त्या कामास माझे कार्डच आड येते. मागे एकदा मी आठ महिने राहून परतलो, तेव्हा तिकडच्या एका विमानतळावरील अधिकाऱ्याने मला बाजूस बोलावून विचारले, “आपण नेमके कोठे राहता?” त्याचा स्वर सभ्य होता, प्रश्न मात्र अगदी वर्मी लागला. उत्तरादाखल मी घराचे कागद, कराचे कागद दाखविले. त्याने सोडले, पण यापुढे असे लांब राहू नका, असे बजावले.

पत्नीशी बोललो. ती निपाणीची. तिच्या वडिलांची तंबाखूची वखार होती. ती गेली, घरही विकले गेले. तिने माझे सारे ऐकून घेतले आणि म्हणाली, “तुम्हांला परत जावयाला सांबरे आहे. माझे काय? लग्न झाले त्या दिवशी मी दत्तक मुलखात आले. तिथून निवृत्त व्हायचे आहे का, असे मला कुणी विचारले नाही. मी तुमच्या सांबऱ्याला आपले म्हटले, मग न्यू जर्सीला आपले म्हटले. आता तिथे लेक आहे, नात आहे. तिसऱ्यांदा रुजायला माझे गुडघे तयार नाहीत.” एवढे बोलून ती भाजी निवडू लागली. मी चाळीस वर्षे ‘परका देश’, ‘दत्तक देश’ असे शब्द मंडळाच्या सभांतून वापरीत आलो होतो. आपल्या प्रत्येक घरात सून म्हणून आलेली बाई हा कायम निवासाचा अनुभव घेत आयुष्य काढते, हे त्या दिवसापर्यंत माझ्या ध्यानात आले नव्हते. तिच्यापुढे माझी वही अगदीच पोरकट वाटली.

या खेपेस अण्णांनी हट्ट धरला म्हणून आम्ही गाडी करून म्हार्दोळास गेलो. म्हाळसा आमची कुलदेवता. देवीचे मूळ स्थान साष्टीतील वेर्णे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देवळे पाडावयास आरंभ केला, तेव्हा भक्तांनी देवीला जुवारीपलीकडे फोंड्याच्या मुलखात आणले. तो मुलूख त्या काळी पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हता. मंगेश १५६० साली कुशस्थळीहून प्रियोळास आले; शांतादुर्गाही केळोशीहून कवळ्यास आली. हा इतिहास आपणा सर्वांना पाठ आहे. पण पितळेच्या त्या उंच दीपस्तंभाजवळ अण्णांना हात देऊन उभा असताना माझ्या मनात एक नवाच विचार आला. १९६१ साली गोवा मुक्त झाला, तेव्हा परत जाण्याची वाट मोकळी झालीच होती. तरी देवी उठून गेली नाही. जेथे आसरा मिळाला, जेथे चारशे वर्षे नैवेद्य झाला, जेथे श्रावण-भाद्रपदात जायांची पूजा बांधली जाते, तेच तिचे घर झाले. पुढे वेर्ण्यासही भक्तांनी म्हाळसेचे नवे देवालय उभारले. आज दोन्ही ठिकाणी दिवा लागतो. आणि खरी कोणती, असा प्रश्न नमस्कार करणारा विचारीत नाही.

देवांच्या गोष्टी माणसांना तंतोतंत लागू पडत नाहीत, हे मी जाणतो. देवीला पासपोर्ट लागत नाही आणि तिचे गुडघेही दुखत नाहीत. परंतु एक घर खरे ठरविण्यासाठी दुसरे खोटे ठरवावेच लागते, हा माझा हट्ट त्या गाभाऱ्यासमोर सैल झाला, एवढे खरे.

त्यानंतर मी जे ठरविले ते ऐकून काही वाचकांना नवल वाटेल. मी अमेरिकेचे नागरिकत्व मागणार आहे. गावी अधिक काळ राहता यावे म्हणून गावचा पासपोर्ट सोडावयाचा, असा हा उफराटा न्याय आहे. पण कायदा तसा आहे. कायम निवाशाला बाहेर राहण्याचे दिवस मोजावे लागतात, नागरिकाला लागत नाहीत. आपल्या राज्यघटनेने दुहेरी नागरिकत्व मान्य केलेले नाही. परदेशाचे नागरिकत्व घेतले की भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. मात्र २००५ पासून ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ हे कार्ड मिळते, व त्यावर जन्मभर केव्हाही यावे, हवे तितके राहावे. मतदान करता येत नाही व शेतजमीन विकत घेता येत नाही; वडिलार्जित मिळालेली ठेवता येते. म्हणजे आमचे वाटणीचे शेत राहील, मत मात्र जाईल.

पत्नीच्या दृष्टीनेही एक सोय आहे. पन्नाशी ओलांडलेल्या व वीस वर्षे कायम निवास केलेल्या माणसास, अथवा पंचावन्न वर्षांच्या व पंधरा वर्षे राहिलेल्या माणसास, नागरिकत्वाच्या परीक्षेत इंग्रजीची अट माफ होते. दुभाष्या घेऊन उत्तरे आपल्या भाषेत देता येतात. तिला इंग्रजी उत्तम येते, तरी हे ऐकून ती म्हणाली, “मग मी मराठीतच देणार.” सीमाभागात वाढलेल्या माणसाला त्या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

राहिले होते वडिलांना दिलेले ‘बरे’. ते मी काल रात्री अण्णांपुढे मांडले. मला वाटले होते की ते रागावतील. ते बराच वेळ काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवीत राहिले. मग म्हणाले, “बाबांना त्या पुस्तकाचे काय होते? तू परत येणार नाहीस, ही त्यांना भीती होती. ते भीतीने बोलले. तू येत राहिलास की त्यांचे म्हणणे राहिले.” आणि थोड्या वेळाने कोंकणीत, “घर खंय वचना रे.” एवढे म्हणून ते उठू लागले. मी हात पुढे केला. त्यांनी तो बाजूस सारला व आपले आपण उठले.

तेव्हा आमचे ठरले आहे ते असे. पत्नी लेकीजवळ राहील आणि थंडीचे दोन महिने येथे येईल. मी आधी तिकडे जाऊन अर्ज भरीन. त्यासाठी मागील पाच वर्षांपैकी निदान तीस महिने त्या देशात काढलेले असावे लागतात. माझे आहेत, दोनदा मोजले. कागद झाले की वर्षातील अधिक काळ अण्णांजवळ राहीन. आमच्यापैकी प्रत्येकाला यात काही ना काही सोडावे लागले आहे. उतारवयात नवरा-बायकोने असे महिनोन्महिने दूर राहावे, हे मला आजही सुखाचे वाटत नाही, आणि दोघांतून कोणाचे आधी व कोठे होईल याचा विचार दोघेही मनात करतो व बोलत नाही. पण चौघांपैकी कोणाला एकटे पडू द्यावयाचे नाही, एवढी गोष्ट यात साधते. याहून चांगली जुळणी आम्हांला सुचली नाही.

ज्यांच्या घरी हा प्रश्न अजून उघडा आहे, त्यांना माझे एवढेच सांगणे की हिशेबाची वही अवश्य मांडावी. परंतु ती मांडण्याआधी घरातील बाईला विचारावे, आणि ज्या गावी परतावयाचे तेथे एक पावसाळा राहून पाहावे.

परवा सकाळचे विमान आहे. विमानतळ घरापासून इतका जवळ, की अण्णा काठी टेकीत फाटकापर्यंत येणार म्हणून अडून बसले आहेत. “पुन्हा केव्हा?” असे वहिनींनी आज दोनदा विचारले. जायांच्या पूजेला, असे मी सांगितले आहे.